पोळ्या लाटता लाटता खुनाचा तपास

मुंबईच्या पोलिसांत वीस वर्षांत एकदाही बदली न झालेला असा एकच अधिकारी होऊन गेला. एसीपी प्रद्युम्न. २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर ते ड्यूटीवर हजर झाले तेव्हा राज्यात मनोहर जोशी मुख्यमंत्री होते. २७ ऑक्टोबर २०१८ ला 'सीआयडी' थांबली तेव्हा देवेंद्र फडणवीस होते. मधल्या काळात राणे आले, विलासराव आले, सुशीलकुमार आले, विलासराव पुन्हा आले, अशोकराव आणि पृथ्वीराजबाबा येऊन गेले. खुर्चीवर कोणी नवं बसलं की पोलिसांच्या बदल्यांची यादी निघतेच. तिच्यात आमच्या एसीपींचं नाव कधी आलं नाही. गडचिरोली नाही, नागपूर नाही, साधं ट्रॅफिकलासुद्धा कोणी टाकलं नाही. बढतीही तेवढ्याच निष्ठेने नाकारली गेली. एसीपी म्हणून आले, १,५४७ भाग तपास केला, एसीपी म्हणूनच घरी गेले. खऱ्या खात्यातला माणूस एव्हाना मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागून आला असता.

ही मालिका पहिल्या भागापासून, क्रमाने, मधला एकही न गाळता बघायची, असा ठराव आमच्या बोरिवलीच्या घरात मंजूर झाला. निमित्त झालं मुलीचं. २१ डिसेंबर २०२४ ला 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली आणि बारावीतल्या आमच्या कन्येने विचारलं, "बाबा, हे आजोबा कोण? आणि सगळे यांना इतके का घाबरतात?" मी म्हटलं, "ते कळायला आधीचं सगळं बघावं लागेल." वास्तविक आधीचं काहीही न बघता कुठूनही शिरावं आणि कुठूनही बाहेर पडावं, अशाच बेताने ही मालिका बनलेली आहे. पण बाप एकदा बोलून गेला की ते धोरण होतं.

बायकोने तिथल्या तिथे हिशेब मांडला. रोज एक भाग धरला तरी १,५४७ भागांना सव्वाचार वर्षं, म्हणजे एकावन्न महिने. आमची बाभईची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि सध्या आम्ही शिंपोलीत भाड्याने राहतो. करारात छत्तीस महिने लिहिलेत. "म्हणजे नव्या घरात गेलो तरी यांचे खून चालूच," बायको म्हणाली. आतून आईचा आवाज आला, "बिल्डर छत्तीस म्हणालाय ना? मग मालिका आधी संपेल."

पुढे जे घडलं त्यातली महत्त्वाची साक्षीदार ही आईच आहे.

क्रमाने बघायचं म्हणजे आधी क्रम लावायचा. जुने भाग सोनीच्या ॲपवर आहेत, यूट्यूबवरही आहेत, पण यूट्यूबवर ते ज्या ओळीने समोर येतात ती ओळ कोणी लावली हीच एक स्वतंत्र केस आहे. सुरुवातीच्या काळात एकेक प्रकरण दोन-दोन भाग चालायचं आणि त्यांची नावं 'द केस ऑफ' अशी इंग्रजी वळणाची असायची. त्यामुळे खुनी आधी पकडला जायचा आणि खून दुसऱ्या दिवशी व्हायचा, असे प्रसंग आमच्याकडे आले. मग मुलीने वही घातली. भाग, तारीख, प्रेत कुठे सापडलं, दार तुटलं की नाही, असे रकाने आखले. घरात वही आली की घराला सरकारी कचेरीची कळा येते. आमच्याकडे ती आली.

लक्ष देऊन बघायला लागल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती संवादांची. समजा, जमिनीवर माणूस पडला आहे आणि त्याच्या पाठीत सुरा आहे. पथक आत येतं.

"सर, हा माणूस मेलाय."

"म्हणजे याचा खून झालाय."

"म्हणजे कोणीतरी याला मारलंय, सर."

"पण कोणी मारलं असेल? आणि का?"

एवढं होईस्तोवर आम्ही तिघं हॉलमध्ये त्या सुऱ्याकडेच बघत असतो. कीर्तनात बुवांनी ओळ सोडली की मागचे टाळकरी तीच धरतात, तशी इथे एसीपींची शंका हाताखालचा अभिजीत धरतो, अभिजीतची दया धरतो आणि दयाची फ्रेडरिक्स धरून वर एक विनोद करतो. मुलगी वैतागली. "दिसतंय ना सगळ्यांना! मग बोलून का दाखवतात?"

याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं. आई टीव्हीकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. तिने सुरा बघितला नव्हता, रक्त बघितलं नव्हतं, मेलेल्या माणसाचं तोंडही बघितलं नव्हतं. तिथूनच ती म्हणाली, "मेव्हण्याने मारलंय." आणि मेव्हण्यानेच मारलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'सीआयडी' ही मुळात ऐकायची मालिका आहे. टीव्ही हॉलमध्ये आणि घरातलं निम्मं माणूस आत, अशा घरांसाठी ती बेतलेली आहे. पडद्यावर जे दिसतं ते कोणीतरी तोंडाने सांगतं, कारण बघायला वेळ असलेला प्रेक्षक मालिकेने गृहीतच धरलेला नाही. आणि तेच वाक्य तिघांच्या तोंडून येतं, कारण कुकरच्या पहिल्या शिट्टीत एसीपी बुडाले, दुसरीत अभिजीत बुडाला, तरी दयाचं ऐकू येतंच. तीन शिट्ट्या, तीन अधिकारी. डाळही शिजते आणि मुद्दाही कळतो. जाणकार समीक्षकांनी या मालिकेच्या संवादांची आजवर जी टवाळी केली, त्यातल्या एकानेही ते संवाद पोळ्या लाटताना ऐकलेले नसणार.

आईची तपासाची पद्धत साधी आहे. चेहरे नसल्यामुळे ती चेहऱ्यांना फसत नाही. "जो न विचारता सांगतो की मी तर पुण्याला होतो, तो." "जी बाई रडताना मध्येच नीट वाक्य बोलते, ती." "ज्या नोकराला एकच वाक्य दिलंय तो नव्हे, दोन दिलीयत तो." बघणारे आम्ही मात्र कपडे, बंगला आणि पार्श्वसंगीत यांच्या नादाने रोज नव्या माणसावर संशय घ्यायचो. वहीत मुलीने 'आजीचा अंदाज' असा आणखी एक रकाना आखला आणि त्या दिवसापासून आमचा हॉल हा दुय्यम दर्जाचा ब्यूरो झाला.

आईला या मालिकेत एकच गोष्ट खटकते. "याचं आडनाव काय?" प्रद्युम्न, अभिजीत, दया, विवेक. कोणालाच आडनाव नाही. मराठी बाईला आडनावाशिवाय माणूस सांगणं म्हणजे स्टेशनाशिवाय पत्ता सांगणं. प्रयोगशाळेतल्या साळुंखे डॉक्टरांना आडनाव आहे, तर ते करणारे नट नरेंद्र गुप्ता. म्हणून आईने स्वतःपुरता प्रश्न सोडवला आणि ती एसीपींना थेट "साटम" म्हणते. एसीपी करणारे शिवाजी साटम तिला आधीपासून माहीत. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर 'एक शून्य शून्य' लागायची तेव्हापासून. पोलिसांच्या १०० या नंबरावरून नाव घेतलेली ती मराठी मालिका 'सीआयडी' काढणाऱ्या ब. प. सिंग यांचीच, साटम तिच्यातही पोलीस अधिकारीच, सोबत दीपक शिर्के. म्हणजे दूरदर्शनच्या काळापासून हा माणूस मुंबईतले खून निस्तरतो आहे. आता तर नंबरही १०० चा ११२ झाला. साटम त्याच्याही पुढे गेले.

साटम नट होण्याआधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते, हे कळल्यावर आईचं पूर्ण समाधान झालं. "तरीच. बँकेतला माणूस. नोट उजेडात धरून बघितल्याशिवाय घेणार नाही." तेव्हापासून एसीपी समोरच्याचा जबाब ऐकताना डोळे बारीक करतात ती रोखपालाची सवय आहे, असं आमच्या घरात मानलं जातं.

ते हवेत बोटं फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणतात, त्यावर देशभर विनोद झाले. पण आपल्याकडे ही ओळ योग्य जागी म्हणणारा माणूस वेळेवर मिळत नाही, हेही खरं. अंधेरीचा गोखले पूल आठवा. २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केला, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू उघडली, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत चांगलं माणूसभर अंतर आहे. तिथे एखादा माणूस आधीच उभा राहून बोटं फिरवता, तर काय बिघडलं असतं?

आमचा हा उपक्रम मजल्यावर पसरला तो वकीलकाकांमुळे. ते दिंडोशीच्या सत्र न्यायालयात फौजदारी चालवतात आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. पहिलाच भाग बघून त्यांनी कप खाली ठेवला. "पंच कुठायत?"

"काय?"

"अरे, पंचनामा नको का? सुरा उचलला, खिशात काय आहे बघितलं, कपाट उघडलं. पंच कुठे? सही कोणाची?"

आम्ही सगळ्यांनी शोधलं. पंच नव्हते. पुढच्या भागातही नव्हते. एवढ्या वर्षांत या पथकाने जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला "जरा पंच म्हणून सही द्या" अशी गळ घातलेली आमच्या वहीत अजून तरी नोंदलेली नाही. एका अर्थी बरंच आहे. आपल्याकडे पंच म्हटलं की भर गर्दीतल्या प्रत्येकाला आपली ८.१२ ची विरार आठवते. खऱ्या हवालदाराचा निम्मा दिवस खुनी शोधण्यात जात नाही, दोन पंच शोधण्यात जातो.

काकांचं खरं दुःख मात्र शेवटच्या पाच मिनिटांत असतं. दया कानाखाली आवाज काढतो, खुनी पाघळतो, का मारलं, कसं मारलं, सुरा कुठे टाकला सगळं घडाघडा सांगतो आणि एसीपी त्याला तिथेच फाशी सुनावून मोकळे होतात. "पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब!" काका जवळजवळ ओरडतातच. "१८७२ चा पुरावा कायदा, कलम २५. कोर्टात चालत नाही. आता नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात कलम २३. नाव बदललं, नियम तोच. सुरा त्याने दाखवला म्हणून सापडला तर तेवढ्यापुरतं धरतील. बाकी सगळं शून्य."

"म्हणजे?" मुलीने विचारलं.

"म्हणजे सुटले."

"कोण?"

"सगळे."

घरात शांतता पसरली. वीस वर्षांचे खुनी, मेव्हणे, भागीदार, दुसऱ्या बायका, विम्याच्या पैशावर डोळा असलेले काका-मामा, सगळे निर्दोष सुटून उपनगरांत हिंडतायत, ही कल्पना पचायला जड होती. "आणि त्या थपडेबद्दल दयावर गुन्हा," काका म्हणाले आणि त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला. तेव्हापासून ते रोज येतात. खुन्याने तोंड उघडलं की आरोपीचे वकील म्हणून आक्षेप घेतात. एसीपी तो मान्य करत नाहीत.

कलमांवरून आईचं आणि त्यांचं जुंपतं ते वेगळंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीचं ४२० चं ३१८ झालं. आई हे मानायला तयार नाही. "एकशे तीन काय? ताप आहे का तो? तीनशे दोन म्हणजे तीनशे दोन." कायदा संसदेने बदलला, पण आईच्या जिभेवरचं कलम बदलायचं तर वेगळं विधेयक आणावं लागेल.

आता दाराकडे वळू. दया आणि दार हा विषय टाळून 'सीआयडी'वर लिहिणं म्हणजे पुराव्यात फेरफार करणं आहे. दया करणारा दयानंद शेट्टी मुळात थाळीफेक आणि गोळाफेक करणारा खेळाडू. त्याच्या दार तोडण्याच्या कलेला पुढे इतकी मान्यता मिळाली की २०१४ च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्ये त्याच्या पात्राचं नाव दयाच ठेवलं आणि त्याच्याकडून दारही तोडून घेतलं. पण लक्ष देऊन बघितल्यावर बायकोच्या ध्यानात आलं की दयाला आजवर सेफ्टी डोअर लागलेलं नाही. बंगल्याचं लाकडी दार, एक कडी, एक लाथ, काम फत्ते. त्याला आमच्या शिंपोलीच्या इमारतीत आणा. बाहेर लोखंडी जाळी, तिच्यावर कुलूप, आत सेफ्टी डोअर, त्याला साखळी, मग सागवानी दार, त्याला वर-खाली दोन कड्या आणि मध्ये लॅच. शिवाय जाळीच्या आत चपलांचा स्टँड आणि तुळशीची कुंडी, म्हणजे लाथ मारायला पाऊल मागे घ्यायचं तर शेजाऱ्यांच्या रांगोळीवर पडणार. एवढं करून दार तुटलंच, तर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचं पत्र: कामकाजाच्या वेळेत, पूर्वपरवानगीशिवाय, तोडफोड.

आमच्या मजल्यावर असा प्रसंग येऊन गेला. समोरच्या वहिनी कचरा टाकायला बाहेर आल्या, वाऱ्याने दार लागलं, लॅच बसला आणि आत गॅसवर दूध. सगळा मजला जमला. दोघा-तिघांनी खांदे चोळले, कारण प्रत्येक पुरुषाच्या मनात एक दया असतो. तेवढ्यात स्टेशनजवळचा चावीवाला आला. एक्स-रेच्या फिल्मचा लांबट तुकडा त्याने दाराच्या फटीत सारला, लॅचच्या जिभेपाशी दोनदा वर-खाली केला आणि दार उघडलं. दूध उतू जायचं होतं तेही गेलं नाही. त्याने पैसे घेतले आणि जाताना वहिनींना एवढंच म्हणाला, "हा लॅच बदला, यात काही दम नाही." चावीवाले असतात या ज्ञानापासून ब्यूरोला वीस वर्षं कोणी वंचित ठेवलं, हाही तपासाचा विषय आहे.

मुलीचा राग दारावर नाही, डॉक्टर साळुंख्यांवर आहे. तिचं शास्त्र आहे. साळुंखे परीक्षानळीत काहीतरी ओततात, पाणी निळं होतं आणि ते सांगतात की याला दक्षिण अमेरिकेतल्या अमुक झाडाचं विष रात्री सव्वाअकराला दिलं गेलं. "निळं झालं म्हणजे मोरचूद असेल," मुलगी म्हणते. आपल्याकडे संशयास्पद मृत्यू झाला की प्रेत भगवतीला, कूपरला नाही तर राजावाडीला शवविच्छेदनाला जातं, तिथून बरण्या सीलबंद होऊन कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि पेपरात एक ओळ येते, 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.' मग आठवडे जातात, कधी महिने जातात. साळुंख्यांना ही ओळच ठाऊक नाही. ते काही म्हणजे काहीच राखून ठेवत नाहीत, एसीपींवरचा रागसुद्धा.

मुलीचा आवडता खेळ मात्र वेगळा आहे. प्रेत श्वास घेतंय का हे बघणं. सगळे संवाद चालू असताना ती फक्त प्रेताच्या पोटाकडे टक लावून असते आणि "हललं!" असं ओरडते. असा मृतदेह वहीत 'जिवंत सापडला' म्हणून नोंदला जातो.

या सगळ्यात मी काय बघतो? मी मागचं बघतो. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथल्या माणसाला हा रोग असतोच. गोरेगावात चित्रनगरी, मढला भाड्याने मिळणारे बंगले, आरेची झाडी. दूरचित्रवाणीवरचे निम्मे खून आपल्या पिनकोडात होतात. त्यामुळे पडद्यावर प्रेत पडलं की आमच्या घरात आधी वाद होतो तो जागेवरून. "हा मढचा बंगला." "छे, हा आरेतला रस्ता." "आरेत एवढा चांगला रस्ता?" मुद्दा सुटतो आणि खुनीही.

पण त्या जुन्या भागांतली मागची मुंबई बघत राहावी अशी आहे. कोणाच्या तरी कमरेला पेजर. खिशात मोबाइल असला तर तो श्रीमंत, कारण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. पब्लिक बूथवर रुपयाचं नाणं. काळीपिवळी पद्मिनी, जी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. रस्त्यात मेट्रोचा एकही खांब नाही. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये धावली. तोवर एसीपींचे निम्म्याहून अधिक गुन्हेगार आत गेले होते, किंवा काकांच्या हिशेबाने बाहेर आले होते. बायको एकदा म्हणाली, "त्या बाईचा खून झालाय, पण रस्ता बघा किती मोकळा!" त्या वाक्यात मला आमच्या पिढीची सगळी कैफियत ऐकू आली.

रस्ते मोकळे म्हणून तर तपास व्हायचा. पथक कुठेही दहा मिनिटांत. हद्दीचा प्रश्न नाही. खऱ्या मुंबईत तसं नाही. राज्याची सीआयडी पुण्यात बसते आणि मुंबईत गुन्हे शाखा, तिचे विभागवार युनिट. मृतदेह रुळांच्या अलीकडे की पलीकडे यावरून शहर पोलीस आणि रेल्वे पोलीस यांच्यात आधी फीत लावून मोजणी. आणि समजा हद्द मिळालीच, तरी बोरिवलीहून मुलुंडला पोचायचं कसं? मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. खालून बोगदे काढायचं काम चालू आहे, पण तोवर जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने जावं लागणार. पथक पवईच्या सिग्नलला पोचेपर्यंत खुनी बोरिवलीला फ्लाइंग राणी पकडून सुरतेत उतरलेला असेल.

ब. प. सिंगांच्या टोळीने एक पराक्रम मात्र खराखुरा केला आहे. ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला 'इनहेरिटन्स' हा भाग. १११ मिनिटं, एकच शॉट, मध्ये एकही कट नाही. लिम्का आणि गिनीज दोन्हीकडे नोंद झाली. लोणावळ्याच्या बंगल्यात कॅमेरा एकदा सुरू झाला तो भाग संपल्यावरच थांबला. एवढ्या माणसांपैकी एकजण जरी वाक्य विसरला तरी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तो भाग मान देऊन, दिवे मालवून बघायला बसलो. पहिल्या कटाला इस्त्रीवाला कारणीभूत झाला. दुसऱ्याला वॉचमन, "टँकर आला, मोटर लावू का?" तिसऱ्याला सोसायटीचा वर्गणीवाला. चौथ्याला काकांचा कायदेशीर आक्षेप. जो भाग त्यांनी एका दमात घेतला तो आम्हाला एका दमात बघता आला नाही. आईने मात्र तो एका दमात ऐकला. तिने पोळ्याही तशाच केल्या.

वहीत एक पान मुलीने कोरं सोडलं आहे. फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले. वय ५७. अंत्यसंस्कार आमच्या बोरिवलीतच, दौलतनगरला झाले. जुन्या भागांत ते अजून रोज येतात, चुकीच्या माणसाला पकडतात, बायकोच्या धाकाचं काहीतरी सांगतात आणि एसीपींची एक नजर खातात. विनोद तसे साधेच. पण सगळं पथक गंभीर चेहऱ्याने उघड्या खिडकीबद्दल तिसऱ्यांदा बोलत असतं, तेव्हा घरातल्या कोणालातरी हसू फुटतं ते फडणिसांमुळे. त्यांच्या भागाला आई पोळीचा तवा उतरवून हॉलच्या दारात येऊन उभी राहते. बाकी कोणासाठी ती एवढं करत नाही.

आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तर नव्या पर्वात खुद्द एसीपी प्रद्युम्नांनाच मारलं. बॉम्बस्फोट, श्रद्धांजली, फोटोला हार, देशभर हळहळ. आमच्याकडे जुने एसीपी रोज संध्याकाळी धडधाकट हजर असल्यामुळे सुतक नेमकं धरायचं की नाही हा पेच पडला. आईला विचारलं. ती म्हणाली, "साटमांना सुट्टी हवी असेल." पुढे एसीपी परत आले. वहीतल्या 'आजीचा अंदाज' या रकान्यात मुलीने आणखी एक बरोबरची खूण केली.

आमचा वेग आता रोज एक भाग असा राहिलेला नाही. परीक्षा, लग्नसराई, गणपती, भाडेकरार, सगळं मध्ये येतं. हिशेब एकावन्न महिन्यांच्या बराच पुढे गेला आहे आणि बिल्डरशी आमची आता बरोबरी होण्याची शक्यता आहे. तेव्हा तुमच्यापैकी कोणाला असा ठराव मंजूर करायचा असेल तर अनुभवाचे दोन शब्द सांगतो. क्रम लावत बसू नका, क्रमाला इथे काही अर्थ नाही. वकील शेजारी असेल तर त्याला चहाला सकाळी बोलवा. आणि घरातली पुरुषमंडळी हॉलमध्ये बसून तपास करतात ही पद्धत बंद करा. आवाज मोठा ठेवा, टीव्हीकडे पाठ करा, पोळपाट घ्या. खुनी तुम्हालाही पहिल्या ब्रेकच्या आधी सापडेल, आणि नाहीच सापडला तरी रात्रीच्या पोळ्या तरी होतील.